दात घासायला तंबाखू कशाला?

ईट गावातून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. ऐकताय ना? हातातलं काम चालू द्या. भाकरी थापता थापता ऐकलं तरी चालतंय.

आजचा विषय दातांचा. हा विषय ठरला तेव्हा आमच्यातच कुजबुज झाली, की दातावर अर्धा तास काय बोलायचं? सकाळी उठायचं, घासायचे, चूळ भरायची, झालं. मग आम्ही एकमेकींना विचारलं, बाई तू घासतीस कशानं? दोघी-तिघी म्हणाल्या पेस्टनं. एकीनं लिंबाची काडी सांगितली, एकीनं राखुंडी, एकीनं दुकानातली लाल पावडर. बाकीच्या गप्प. गप्प का, ते तुम्हाला कळलंच असेल.

तेव्हा बोलणं मशेरीपासूनच सुरू करू. कोणी मिसरी म्हणतं, कोणी मिश्री म्हणतं. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईस्तोवर भाजायचं, चुरायचं, डबीत भरायचं. भाजताना घरभर ठसका लागतो, कडेवरचं लेकरू खोकतं, सासरा अंगणातून ओरडतो, तरी भाजणं काही चुकत नाही. दुकानात तयार पुडीही मिळते. आपल्या आयाआज्यांनी ती दात घासायची वस्तू म्हणून वापरली, आणि म्हणूनच तिला कोणी व्यसन म्हणत नाही. बाप्या माणसानं बिडी ओढली की ते व्यसन. बाईनं मशेरी लावली की ते तोंड धुणं. आम्हाला हा फरक पटत नाही. बिडीतही तंबाखू आणि मशेरीतही तंबाखूच. भाजल्यानं तिचं विष जळून जातं असं काही बाया सांगतात, पण ते खरं नाही. विष जळून गेलं असतं, तर तलफ कशाची आली असती?

दात घासायला दिवसातून दोनदा पुरतं. मशेरी किती वेळा लागते ते मोजा. सकाळी एकदा, स्वयंपाक झाल्यावर एकदा, रानात जाताना, रानातून आल्यावर, निजताना. बोटानं हिरडीला लावून तशीच धरून ठेवायची, थुंकायची घाई नाही. दात घासणाऱ्या बाईला रानात असताना ब्रशची आठवण येऊन डोकं दुखत नाही, मशेरीवाल्या बाईला दुखतं. तो तंबाखूतल्या निकोटिनचा खेळ आहे. अंगाला त्याची सवय लागते, ते मिळालं नाही की डोकं धरतं, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. लावलं की बरं वाटतं. मग बाई म्हणते, मशेरीनं माझं डोकं थांबतं. अगं, ज्यानं दुखणं लावलं त्याचंच हे औषध!

कायद्याचंही सांगतो, कारण पुष्कळ जणींना ठाऊक नाही. १९९२ साली केंद्र सरकारनं दात घासायच्या पेस्टमध्ये आणि पावडरीत तंबाखू घालायला बंदी केली. बंदीविरुद्ध प्रकरण कोर्टात गेलं, आणि १९९७ साली सुप्रीम कोर्टानं बंदी बरोबर ठरवली. म्हणजे दंतमंजन म्हणून तंबाखू विकणं आपल्या देशात गुन्हा आहे. पण घरच्या तव्यावर कुठला कायदा येणार? तिथं आपणच शहाणं व्हायचं.

मशेरीनं दाताचं होतं काय ते आता बघू. हिरडी मागं सरकते. दाताचं मूळ उघडं पडतं, आणि मुळावर दातासारखं टणक कवच नसतं. मग थंड पाणी पिलं की कळ जाते, चिंच-लिंबू सहन होत नाही. दात काळे पडतात, हलायला लागतात. हे झालं दाताचं. खरी भीती हिरडीच्या आणि गालाच्या कातडीची आहे. जिथं मशेरी रोज ठेवली जाते, त्या जागी कधी पांढरा चट्टा येतो, कधी लाल. तो दुखत नाही. दुखत नाही म्हणून बाई कोणाला दाखवत नाही, आणि त्यातलाच एखादा चट्टा पुढं कॅन्सर होतो. डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सोबतच्या डॉक्टरांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या १ लाख १ हजार ७६१ माणसांची तोंडं तपासली होती. त्याचा अहवाल १९७२ साली छापून आला. तंबाखू आणि तोंडातले हे चट्टे यांचं नातं पन्नास वर्षांपूर्वीच आपल्या राज्यात नोंदलं गेलं आहे, आणि आपण अजून डबी भरतोय.

कॅन्सरची गोष्ट आपल्याकडं लांबची नाही. बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, ते सगळ्यांना माहीत आहे. पण हे माहीत आहे का, की १९८७ सालापासून बार्शी, परांडा आणि आपला भूम, या तीन तालुक्यांतल्या गावांमधली कॅन्सरच्या रोग्यांची नोंद तिथं ठेवली जाते? खेड्यातल्या कॅन्सरची अशी नोंद देशात पहिल्यांदा इथं सुरू झाली. नोंद करणारी माणसं गावोगाव फिरली, लोकांना बसवून लक्षणं सांगितली, शंका आली त्यांना तपासणीला नेलं. पुढं १९९९ पासून आपल्या जिल्ह्यात गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची मोठी तपासणी झाली. लाखाच्या वर बाया त्यात होत्या. तुमच्यापैकी कोणी, कोणाची सासू, तेव्हा गेलीही असेल. जी तपासणी सांगायलासुद्धा बाई लाजते, ती आपल्या जिल्ह्यातल्या बायांनी करून घेतली. त्यापुढं तोंड उघडून दाखवणं म्हणजे काहीच नाही.

आता पोटुशी असलेल्यांसाठी. पुष्कळ बाया मशेरीला पहिल्यांदा हात लावतात तो दिवस गेलेले असतानाच. मळमळतं, तोंडाला पाणी सुटतं, मग शेजारीण सांगते, जराशी लाव, बरं वाटंल. ही शेजारीण मायेनं सांगते, पण तिचं ऐकू नका. मशेरीतलं निकोटिन रक्तात जातं आणि रक्तातून बाळाकडं. बाळ वजनाला कमी भरतं, दिवसाआधी होण्याचा धोका वाढतो, आईचं रक्त आधीच कमी असतं ते आणखी कमी. आपल्याच राज्यात मशेरी लावणाऱ्या गरोदर बायांचा अभ्यास झाला, तो २०१० साली छापून आला. नीट समजावून सांगितलं तर गरोदरपणात बाया मशेरी सोडू शकतात, आणि सोडली तर आईला आणि बाळाला फायदा होतो, असं त्यात दिसलं. तेव्हा सातव्या महिन्यात सोडून काय उपयोग, असं म्हणू नका. सातव्यातही उपयोग आहे.

सोडायची कशी? आमच्यातल्या ज्यांनी सोडली त्यांचं ऐकून सांगतो. कोणी एकदम सोडली, कोणी एकेक वेळ कमी करत गेली. सकाळची सगळ्यात अवघड, म्हणून काहींनी दुपारपासून सुरुवात केली. पहिले तीन-चार दिवस वाईट जातात, लेकरांवर ओरडणं होतं, झोप नीट लागत नाही. दोन-चार आठवड्यांत पुष्कळ उतरतं. तलफ आली की पाणी प्यायचं, कामाची जागा बदलायची, तोंडात बडीशेप, ओवा नाही तर भाजलेलं जवस टाकायचं. फक्त मशेरीच्या जागी सुपारी आणू नका. सुपारीही कॅन्सरला कारण होते, आणि सुपारीनं गालाची कातडी आतून आखडते, तोंड उघडेना होतं. पोट साफ होण्यासाठी सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी. सगळ्यात कामाचं म्हणजे एकटीनं सोडू नये. गटातल्या चार जणींनी मिळून सोडावी. एकीचा धीर सुटला की दुसरी हात धरते. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा फुकट फोन आहे, नंबर १८०० ११ २३५६. तंबाखूच्या पुडीवरसुद्धा तो छापलेला असतो.

पैशाचंही बघा. दर तीन दिवसांना दहा रुपये धरले, तर वर्षाला बाराशेच्या वर जातात. ब्रश आणि पेस्ट अख्ख्या घराला घेऊनही यातले उरतील.

आता मग घासायचे कशानं? राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी, मीठ. दात चकाकतात खरे, पण चकाकतात ते घासून झिजल्यामुळं. पितळेचा तांब्या चिंचेनं आणि मातीनं घासला तर चालतं, दात म्हणजे तांब्या नव्हे, झिजलेलं कवच पुन्हा येत नाही. लिंबाची किंवा बाभळीची काडी चालेल, पण टोक चावून चावून कुंचल्यासारखं मऊ करायचं, हिरडीला ओरखडे काढायचे नाहीत. तिच्यात एकच कमी, फ्लोराइड नसतं. फ्लोराइड दाताचं कवच टणक करतं, म्हणून पेस्ट घेताना पाकिटावर फ्लोराइड आहे का एवढं वाचा, नाही तर पोरीकडून वाचून घ्या. बाकी लवंगेचं चित्र, कोळशाचं चित्र, पांढऱ्याशुभ्र दातांची बाई, यावर जाऊ नका. स्वस्तातली फ्लोराइडवाली पेस्ट तेवढंच काम करते.

ब्रश मऊ घ्यायचा. कडक ब्रशनं दात स्वच्छ होतात असं पुरुषमंडळींना फार वाटतं. पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. जाहिरातीत ब्रशभर दाखवतात, ती त्यांची पेस्ट लवकर संपावी म्हणून. हिरडी आणि दात जिथं मिळतात तिथून सुरू करून हळू हळू गोल फिरवायचा, आतल्या बाजूनं आणि दाढेच्या माथ्यावरूनही. दोन मिनिटं. तीन महिन्यांनी, किंवा केस वाकडे झाले की आधीच, ब्रश बदलायचा. घरातल्या प्रत्येकाचा ब्रश वेगळा. हे सांगायला नको खरं तर, पण सांगतो. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या घरालाही हे जमतं, एका माणसाला एक पेला पाणी पुष्कळ झालं.

रात्रीचं घासणं जास्त महत्त्वाचं. दिवसा तोंडात लाळ असते, ती दात धुवत राहते. झोपेत लाळ कमी होते, आणि दाताला चिकटलेल्या अन्नावर जंतू रात्रभर जेवतात. गोड किंवा पिठूळ खाल्लं की हे जंतू आंबट रस तयार करतात, तो रस दात पोखरतो, तीच कीड. एकदा खाल्लं की साधारण अर्धा तास हा मारा चालतो. म्हणून किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त नडतं. आपला भूमचा पेढा जेवणाबरोबर दोन खाल्ले तर एकदाच मारा. पण सकाळपासून पाच वेळा गोड चहा आणि प्रत्येक वेळी बिस्किट, म्हणजे पाच वेळा. पेढा खा बाई, त्याला आम्ही नाही म्हणणार नाही, नंतर चूळ भर म्हणजे झालं.

रक्त येतं म्हणून घासणं सोडणाऱ्या बाया फार. हिरडीतून रक्त येतं कारण तिथं घाण साठून हिरडी सुजलेली असते. सोडलं तर आणखी सुजेल. हलक्या हातानं नीट घासत राहिलं की आठ-दहा दिवसांत रक्त कमी व्हायला लागतं. नाही झालं तर दाताला किटण धरलंय, ते दवाखान्यातच निघतं. किटण काढल्यानं दात हलतात हा गैरसमज आहे. दात आधीच हललेले असतात, किटणानं धरून ठेवल्यासारखे वाटतात इतकंच. गरोदरपणात हिरड्या जास्त सुजतात, तेव्हा तर घासणं बंद करू नये. उलटी झाली की लगेच ब्रश नको, आधी चूळ भरा, अर्ध्या तासानं घासा. आणि घरात साखरेचा आजार असेल तर हिरड्यांकडं डबल लक्ष. साखर वाढली की हिरडी सडते, आणि हिरडी सडली की साखर आटोक्यात येत नाही.

लेकरांकडं येतो. दुधाचे दात पडणारच, मग कशाला जपायचे, हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तेवढी वर्षं लेकरू जेवणार कशानं? आणि दूधदात लवकर पडला की शेजारचे दात त्या जागेत सरकतात, पक्का दात मग वाकडा येतो. पण सगळ्यात मोठी फसगत होते ती सहाव्या वर्षी. सहाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागं एक नवी दाढ येते. ती येताना कुठलाही दात पडत नाही, त्यामुळं आईला पत्ताच लागत नाही. तिला वाटतं ही दुधाचीच. किडली तर किडू दे, पडेल. ती पडणारी नाही बायांनो! ती पक्की दाढ आहे, जन्माची सोबत. आज संध्याकाळी सहा-सात वर्षांच्या लेकराचं तोंड उघडून मागं बघा.

पहिला दात दिसला की घासणं सुरू. तीन वर्षांच्या आत पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, पुढं वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांपर्यंत लेकराच्या हातात ब्रश द्यायचा, पण शेवटचा हात आईचा. नाही तर बापाचा. बापाला हात आहेत. साखरेच्या दुधाची बाटली तोंडात ठेवून निजवू नका, पुढचे चारही दात काळे होऊन जातात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. त्यांच्या तपासणीत दातही असतात. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका.

दिवाळीच्या आगेमागे टोळीबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या बहिणींना एक सांगणं. पेटीत भांडी, अंथरूण, तिखटमीठ जातं. त्यात ब्रश टाका. कोपीवर सहा महिने लेकरांच्या हातात दिवसभर ऊस असतो. ऊस चघळून झाला की पाण्यानं चूळ, आणि रात्री ब्रश, एवढं तरी धरा. तिथं पहाटे तीनला उठून फडात जाणारी बाई भूक मारायला आणि पाठ विसरायला तंबाखू धरते, हे आम्ही पाहिलं आहे. तिला आम्ही नावं ठेवणार नाही. पण ती भूक तंबाखूनं मारायची वेळ तिच्यावर येते, याचा जाब तिच्या दातांनी का द्यावा?

दाढ ठणकली की काय करायचं? लवंग दाबली, लवंगेचं तेल लावलं, थोडा वेळ बरं वाटतं. ते औषध नव्हे, दवाखान्यात पोचेपर्यंतची सोय. डोकेदुखीची गोळी कुटून हिरडीवर ठेवू नका, कातडी भाजते. मशेरी तर नाहीच. बाजारात चादरीवर बाटल्या मांडून दातातला किडा काढून दाखवणारे बसतात. दातात किडा नसतो. दाखवतात तो त्यांच्याच हातातला असतो. दाढ काढली की डोळे जातात, हेही खोटं. दाढेच्या मुळाचा डोळ्याच्या नजरेशी काही संबंध नाही. उलट दाढ वेळेवर दाखवली तर पुष्कळदा काढावीच लागत नाही, भरून भागतं. पण आपल्याकडं गाडीच्या हप्त्याला पैसे निघतात, बाईच्या दाढेला निघत नाहीत. ती म्हणते, जाऊ द्या, काढून टाका, स्वस्तात होईल. दाढ गेली की भाकरी चावता येत नाही, मग ती चहात कुस्करून खाते, आणि पन्नाशीतच म्हातारी दिसायला लागते. गाल सुजला, सूज गळ्याकडं उतरली, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, तर मात्र त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. रात्र काढायची नाही. अशा सुजेनं जीव जाऊ शकतो.

आणि आता कागद-पेन्सिल नको, नुसतं ध्यान द्या. महिन्यातून एकदा आपलं तोंड आपण बघायचं. उजेडात आरसा घेऊन उभं राहायचं. स्वच्छ चूळ भरायची. ओठ वर-खाली उलटून बघायचे. गाल बोटानं ओढून दोन्हीकडं आतून बघायचे. जीभ बाहेर, मग जिभेच्या दोन्ही कडा, मग जीभ टाळूला लावून खालची जागा. मशेरी जिथं ठेवत होता, ती जागा नीट. तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघायचं. पंधरा दिवसांत न भरलेला फोड किंवा जखम, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, कारण नसताना हललेला दात, तोंड कमी उघडणं, यातलं काहीही दिसलं तर आशाताईला सांगा. तीस वर्षांच्या पुढच्या प्रत्येकीची तोंडाची तपासणी उपकेंद्रात करायची, असं सरकारचं ठरलेलं आहे, आणि ती फुकट असते. आशाताई फॉर्म भरायला येईल तेव्हा तंबाखू खाता का असं विचारेल. तिथं नाही म्हणून सांगू नका. फॉर्ममध्ये मशेरीलाही तंबाखूच धरायचं. उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून पुढं दाताच्या डॉक्टरकडं चिठ्ठी मिळते. पुढं कॅन्सरचं निघालंच, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत त्याचे उपचार आहेत, रेशनकार्ड आणि आधारकार्ड हाताशी असू द्या.

आमच्या गटानं एवढं ठरवलंय, की पुढच्या बैठकीला बचतीचे पैसे गोळा झाल्यावर आरसा आणि मोबाइलची बॅटरी घेऊन बसायचं, आणि दोघी-दोघींनी एकमेकींचं तोंड बघायचं. ज्या गटाला हे करायचं असेल त्यांनी दुपारची वेळ धरा, उजेड चांगला असतो.